मामावर गेलाय

३ ऑक्टोबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. भावोजी म्हणाले, "कागदावर लिही, पाकीट आलं की ती उघडल्याशिवाय राहत नाही." म्हणून हा खटाटोप. माझ्या अक्षराला शाळेतल्या बाई काय म्हणायच्या ते तुला ठाऊक आहे, तेव्हा समजून घे.

मोटारसायकलवरून तू भडकली आहेस असं कळलं. भडक. भाचा अठरा वर्षांचा झाला, मामाने गाडी दिली, यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? "आधी पोराला बास्केटबॉलचं वेड लावलं, आता चाकं लावली" असं तू म्हणालीस म्हणे. वाक्य झकास आहे. पण गाडी परत पाठवण्याआधी तुझ्या चिरंजिवांचं तोंड एकदा बघ. मग पाठव.

आणि त्या दिवशी तुझ्या जेवणाच्या टेबलावर जे बोललो ते मी मागे घेत नाही. पुस्तकं कुठे पळून जात नाहीत, वय पळतं. त्याच्या हाताला बॉल ओळखतो, हे मला दिसतं आणि तुला नाही. तेवढ्यावरून तू मला भरल्या ताटावरून उठवलंस आणि वर्षभर अबोला धरलास. धर. हट्टात तू आईची लेक आहेस, मी काही वेगळ्या घरचा नाही.

माझी ख्यालीखुशाली तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. हंगाम सुरू झाला. करार याच वर्षी संपतोय. चांगला खेळलो तर आणखी दोन वर्षं देतील. चौतीस म्हणजे पॉइंट गार्डचं म्हातारपण, पण आमचं काम उड्या मारण्याचं थोडंच आहे? बॉल घेऊन पुढे यायचं, आपले चौघे कुठे आहेत ते एका नजरेत टिपायचं, आणि मोकळा असेल त्याच्या हातात बॉल पोचवायचा. घरातल्या आईसारखं. कोण उपाशी आहे ते तिला न विचारता कळायला हवं. टीव्हीवरचा तो बडबड्या अजून म्हणतो, याच्या पाठीला डोळे आहेत, हा न बघता पास देतो. ऐकून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

हॉलमधले दिवे मात्र बदललेत, अगदी मिणमिणते. दुसरं कुणी तक्रार करत नाही. सगळी कालची पोरं.

नडगीला बेंचची कड लागलीय, काळंनिळं झालंय. बाकी ठीक.

तुझा धाकटा


२६ ऑक्टोबर

ताई,

शनिवारची मॅच तू बघितली नसशील, पण भावोजींनी बघितली आणि पोट धरून हसले. माझ्याबद्दल तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.

मी उजव्या कडेला पास दिला. जोरकस, छातीच्या उंचीचा, पुस्तकात छापावा असा. तो समोरच्या टीमच्या कोचने झेलला. बाहेर, रेषेच्या पलीकडे, सूट घालून उभा होता बिचारा. त्याने बॉल झेलला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला फुलांचा गुच्छ दिला. सगळा हॉल खदखदून हसला. मी कमरेत वाकून मुजरा केला. मग तर टाळ्याच.

हाताला घाम होता, बॉल निसटला. कोचलाही तेच सांगितलं.

कोच हल्ली माझ्यावर नाराज असतो. म्हणतो, "तू एवढा खडूस कधीपासून झालास?" आमच्याकडे एक नवा पोरगा आलाय, नेम चांगला आहे, पण पायाला भिंगरी. आता इथे, आता तिथे. मी त्याला सगळ्यांसमोर झापला. म्हटलं, तुझी जागा कोपऱ्यात. मी बॉल कोपऱ्यात देणार. तू कोपऱ्यात नसलास तर तो तुझा गुन्हा. पोरगा म्हणाला, "पण कॅप्टन, मी तुमच्या डोळ्यांसमोरून तर गेलो." उद्धट कार्टं.

आमचा खांब आहे म्हणून निभावतंय. खांब म्हणजे आमचा सर्वांत उंच गडी, दारातून वाकून येतो. तो जिथे उभा राहायला सांगावा तिथे उभा राहतो, आणि बोलत राहतो. "आहे, आहे, मी इथे आहे." दहा वर्षं आम्ही एकत्र खेळतोय. बोलत राहायची सवय त्याला मीच लावली.

तुझं मौन आता जुनं झालं. निदान भावोजींकरवी एखादी शिवी तरी पाठव.

धाकटा


१९ नोव्हेंबर

ताई,

चिरंजीव रविवारी येऊन गेले. तू येऊ दिलंस याबद्दल आभार. "मी येऊ दिलं नाही, तो गेला" असं तू म्हणशील, तरी आभार.

मॅचच्या आधी हॉलमधले सगळे दिवे घालवतात आणि एकेका खेळाडूचं नाव पुकारतात, तमाशा असतो एक. मी खांबाच्या बनियनचं टोक धरून धावत येतो. लोकांना वाटतं हा आमचा शकुन आहे. आता छोट्या मुलांच्या टीमही एकमेकांचे बनियन धरून येतात, काय हसू येतं बघून.

आम्ही जिंकलो. चिरंजीव वरच्या रांगेत बसले होते. मी हात केला तसे पायऱ्या उतरत आले आणि शेवटच्या तीन पायऱ्या चुकवून थेट माझ्या पायाशी येऊन पडले. साष्टांग. घाबरू नकोस, कोपर खरचटलं एवढंच. खांबाने त्याला काखेत हात घालून उचललं आणि म्हणाला, "मामावर गेलाय!" सगळी टीम हसली. सर्वांत मोठ्याने चिरंजीवच हसले. मीसुद्धा हसलो.

त्याने मला तेव्हा एक गोष्ट विचारली. म्हणाला, "मामा, या पायऱ्यांना इतका कमी उजेड का ठेवतात?"

ताई, सहज विचारतो. घरात तो असा पडतो का? दाराच्या चौकटीला वगैरे आपटतो का? लहानपणी तर सगळीच पडतात. या वर्षी, गेल्या वर्षी? पाण्याचा पेला हाताने उडवतो का? तू म्हणशील, तुला काय करायचंय. काही नाही. सहज.

इकडे थंडी वाजायला लागलीय. तुझ्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे?

धाकटा


११ डिसेंबर

ताई,

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. चष्म्यासाठी. म्हातारा झालो, हस.

डॉक्टर बाई आहेत, बारीक आवाजाच्या, हसत नाहीत. त्यांनी मला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकेचना. पण यंत्र आतून टक् टक् आवाज करत होतं. मी इतकी वर्षं काय झक मारलीय का? ताल पकडला. टक् झालं की दाब. टक् झालं की दाब. मनात म्हटलं, पैकीच्या पैकी.

बाईंनी कागद बघितला. म्हणाल्या, "दिवा नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत. हे यंत्र मधूनमधून नुसताच आवाज करतं. खोटं बोलणाऱ्यांसाठी तशी सोय असते." पुन्हा सगळं करायला लावलं. या वेळी मी खरं दाबलं.

विशेष काही नाही. थेंब दिलेत.

मग त्यांनी विचारलं, आईकडच्या नात्यात कुणाला डोळ्यांचा त्रास होता का? मी म्हटलं, नाही.

बाहेर आल्यावर मला आपला मामा आठवला. बऱ्याच वर्षांनी आठवला. तुला आठवतं, तो आला की आई आधी टेबलावरची काचेची भांडी उचलायची? आणि दारात पायपुसणं असलं की ते गुंडाळून ठेवायची. "माझा भाऊ म्हणजे वेंधळ्यांचा राजा," म्हणायची. तो भिंतीला हात लावत चालायचा आणि आपण मागून त्याची नक्कल करायचो. दिवे लागले की कुठे बाहेर पडायचा नाही. आपण त्याला भित्री भागूबाई म्हणायचो. तोही हसायचा. म्हणायचा, "डोळे देवाने पुढे दिलेत, बाजूला दिले असते तर घोडा झालो असतो." आणि मी दूध सांडलं की आई म्हणायची, "गेला मामावर!"

आपल्या घरात इतकी माणसं इतक्या वेळा आपटली, आणि आपण त्याला स्वभाव म्हणायचो.

जाऊ दे. उगाच काहीतरी आठवतं.

धाकटा


८ जानेवारी

ताई,

आज चिरंजिवांची निवड चाचणी होती, क्लबच्या अकादमीची. तुला माहीत नसेल तर आता कळलं. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो स्वतः फॉर्म भरून आला.

मी वर, मागच्या रांगेत बसून पाहिलं. चांगला खेळला. ज्युनिअर कोच माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, म्हणाला, "हुबेहूब तू. मान टाकायची ढबसुद्धा तीच. चेहरा झाकला असता तर म्हटलं असतं तूच आहेस." मी खाली जाऊन नळाखाली डोकं धरलं.

त्याची निवड होऊ नये असं मला वाटलं. हे वाक्य मी लिहितोय, मी.

एक काम कर. त्याची गाडी काढून घे. किल्ली लपव, नाहीतर विकून टाक. मी त्याला मघाशी फोनवर सांगून बघितलं, तो म्हणतो, "आईने तुला फितवलं का?" कारण विचारू नकोस. तुला ती नकोच होती ना? मग झालं तर.


१७ जानेवारी

ताई,

भावोजींकडून तुझा निरोप मिळाला. "डोकं ठिकाणावर आहे का म्हणावं. कारण सांग, नाहीतर पुन्हा पत्र पाठवू नकोस." वर्षभरात तुझे पहिले शब्द, आणि दोन्ही वाक्यं बरोबर आहेत.

कारण सांगतो. आधी हे वाच, मग रड. गाडीची किल्ली आजपासून भावोजींच्या खिशात आहे. पत्र पोचेपर्यंत थांबवेना, म्हणून सकाळीच त्यांना फोन केला. त्यांना कारण सांगितलं नाही. ते तुला आधी कळायला हवं.

मला कडेचं दिसत नाही. मधलं स्वच्छ दिसतं. हे अक्षर, तुझा चेहरा, समोरची बास्केट, सगळं. पण आजूबाजूचं विझत चाललंय, आणि अंधार पडला की जवळजवळ काहीच नाही. कागदाची पुंगळी करून तिच्यातून बघ, तसं. हे चष्म्याने जात नाही. औषध नाही. थेंब दिले असं मी लिहिलं ते खोटं होतं. हळूहळू वाढणारा प्रकार आहे म्हणून मी इथवर खेळलो. किती वर्षांपासून, ते मलाच सांगता येत नाही. सुरुवातीला मला वाटलं हॉल बदलले, दिवे बदलले. मग मी माझ्या युक्त्या काढल्या. बॉल घेण्याआधी मान डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. खांद्याला तोंड पुसल्यासारखं करून मागे बघून घ्यायचं. शेजारच्याच्या पाठीला हात लावून ठेवायचा. सगळ्यांना त्यांच्या जागांवर खिळवून टाकायचं आणि तिकडे न बघता पास द्यायचा, कारण बघून फायदा नव्हता. लोकांनी त्याला शैली म्हटलं. मी म्हणू दिलं.

हे आईकडून येतं, ताई. बायकांना बहुतेक काही होत नाही, त्यांच्याकडून मुलांकडे जातं. आपल्या आजीकडून मामाकडे गेलं. आईकडून माझ्याकडे आलं. मामा वेंधळा नव्हता. भित्राही नव्हता. त्याला दिसत नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिच्यावर राग धरू नकोस, मी धरून बघितला, टिकत नाही.

आता तुझं. आईकडून ते तुझ्यात आलं असेल किंवा नसेल. आलं असेल तर तुझ्याकडून त्याच्यात गेलं असेल किंवा नसेल. नाणेफेकीवर नाणेफेक, असं डॉक्टर म्हणाल्या. महिनाभर मी यातल्या "किंवा नसेल"वर जगलो. तो पायऱ्यांवरून पडला तेव्हाच मला संशय आला होता. तरी गप्प बसलो. सांगितलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं, आणि क्लब दोन वर्षांचा करार तयार ठेवून बसला होता. एवढं साधं आहे. यात कुठलाही उदात्तपणा शोधू नकोस, नाही सापडणार.

चाचणीच्या दिवशी तो माझ्या सगळ्या युक्त्या करत होता. सगळ्या. मान, खांदा, पाठीवरचा हात. मला कळेना की हा माझी नक्कल करतोय की त्याला गरज पडतेय. जगात दुसऱ्या कुठल्या मामाला असा प्रश्न पडला नसेल. चाचणी संपल्यावर तो घामाघूम होऊन बेंचवर बसला होता. मी शेजारी बसलो. म्हटलं, "समोरच्या दाराकडे बघत राहा. मान हलवायची नाही." आणि त्याच्या कानाच्या जरा पुढे माझा हात धरला. "किती बोटं?"

"कुठे?" तो म्हणाला, आणि मान वळवायला लागला.

"मान नको वळवू."

"मग दिसणार कसं?"

"तसंच सांग."

तो हसायला लागला. म्हणाला, "काहीतरीच काय मामा, मान न वळवता कुणाला दिसतं का?"

ताई, तो लपवत नव्हता. चेष्टाही करत नव्हता. त्याला खरंच वाटतं की सगळ्यांना एवढंच दिसतं. त्याला वाटतं की खेळायचं ते असंच, कारण त्याने बघितलेला सर्वांत मोठा खेळाडू असाच खेळतो. त्याने कधी विचारलं नाही, कारण त्याच्यापुढे मी होतो.

त्यानंतर त्याने गाडीला किक मारली. मी फाटकाशी उभा होतो. संध्याकाळ होत आली होती. मी त्याला थांबवलं नाही. तुझा मुलगा नीट घरी पोचला हे मला भावोजींच्या मेसेजने कळलं, आणि तोवर मी काय भोगलं ते तुला सांगून उपयोग नाही, कारण आता तू ते रोज भोगणार आहेस.

काल मी कोचला सगळं सांगितलं. तो बराच वेळ टेबलावरची शिट्टी फिरवत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू त्या माणसाला पास दिलास ना, सूटवाल्याला, मी तेव्हा घरी जाऊन बायकोला म्हटलं होतं, काहीतरी गडबड आहे. पण तू मुजरा इतका छान केलास." खांबाला सांगितलं तर तो म्हणाला, "मला माहीत होतं. म्हणून तर बोलत राहायचो." दोघंही असे. एकानेही मला विचारलं नाही.

त्याला घेऊन ये. डॉक्टरांची वेळ मी घेतोय. नात्यात कुणी होतं का, तर होतं, असं मी त्यांना या वेळी सांगितलंय. त्याच्या शेजारी मी बसेन. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

आणि तोवर घरात त्याला कुणी वेंधळा म्हणायचं नाही.

धाकटा


२१ मार्च

चिरंजीव,

असं म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण गेली अठरा वर्षं हा शब्द लिहिताना मी कधी त्याचा अर्थ धरला नव्हता. आता धरून लिहितोय.

तू माझ्याशी बोलत नाहीस ते रास्त आहे. तुझी आई बोलते. बोलते म्हणजे ओरडते. मागच्या आठवड्यात आली आणि तिने माझं घर मांडून दिलं. तिपाई भिंतीला लावली, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी चिकटवली, आणि माझ्या नडगीवरच्या खुणा बघून स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग बाहेर येऊन म्हणाली, "या घरात धूळ किती आहे!" इतक्या महिन्यांनी माझी बहीण मला परत मिळाली, आणि त्याची किंमत तू दिलीस. हे मला कळतं. कळत नाही असं समजू नकोस.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू ऐकलंच आहेस, पण त्या दिवशी तू भिंतीकडे बघत होतास म्हणून परत लिहितो. तुझं फार थोडं गेलंय. कडेची एक रेघ. पुष्कळ वर्षं हातात आहेत. वाचता येईल, शिकता येईल, कामधंदा करता येईल. गाडी नाही. आणि आता ज्या जोराने खेळतोस तसं खेळणं नाही, कारण बाजूने येणारा माणूस तुला दिसणार नाही आणि तो तुला मोडून ठेवील. अकादमीला मी कळवलं. तू कळवलं नसतंस हे मला माहीत आहे. मीही तुझ्या वयात कळवलं नसतं.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला एकच विचारलंस. आई पुढे गेली होती, बाबा गाडी आणायला गेले होते. तू कठड्याला धरून थांबलास आणि म्हणालास, "मामा, मी खरंच चांगला खेळतो, की नुसता तुझ्यासारखा?"

मी म्हटलं, "चल, गाडी आली."

त्यानंतर तू एक अक्षर बोलला नाहीस.

दोन महिने मी या प्रश्नाभोवती घिरट्या घालतोय. एक पत्र लिहून फाडलं. त्यात लिहिलं होतं की तू बरा खेळायचास, पण बेताचाच, अकादमीत गेला असतास तरी दोन वर्षांत परत पाठवला असता, तेव्हा फारसं काही गमावलं नाहीस. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे पाठवलंस तर तुझ्या घरी पुन्हा पाय ठेवणार नाही. त्याला खरं लिही. खोटं ऐकून ऐकूनच इथवर आलोय आपण."

तर खरं.

चाचणीत शेवटी शेवटी तू एक पास दिलास. तो लांबटांग्या पोरगा कोपऱ्यात नुसता उभा होता, दमून, हात कमरेवर. तू बॉल त्याला दिला नाहीस. त्याच्यापुढच्या रिकाम्या जागेत टाकलास. तिथे कुणीही नव्हतं. माझ्या शेजारचा कोच "अरे!" म्हणाला. आणि तेवढ्यात तो पोरगा धावला, कारण बॉल बघून त्याला कळलं की इथे धावता येईल. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. तुला होतं.

ते तू माझ्याकडून उचललेलं नाहीस. मान वळवणं माझं, पाठीवर हात ठेवणं माझं, ती सगळी लपवाछपवी माझी. पण मी आयुष्यभर बॉल माणसाला दिला, जिथे तो असेल तिथे. तू त्याच्या पुढच्या पावलाला दिलास. मला धड दिसत होतं तेव्हाही ते मला कधी जमलं नाही. प्रयत्न केला होता, म्हणून सांगतो. मला दोन वर्षांचा करार देत होते त्या माणसांनी तुला दहा वर्षांचा दिला असता.

तू चांगला होतास. माझ्यासारखा नाही, माझ्याहून चांगला. हे मी त्या दिवशी वरच्या रांगेतून बघितलं, आणि तरीही नऊ दिवसांनी तुझ्या आईला पत्र लिहिलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. तू बेताचा असतास तर मला हे सगळं फार सोपं गेलं असतं.

तेव्हा कुणी "त्यात काय एवढं, खेळच तर होता" म्हणालं तर ऐकू नकोस. तुझं खूप मोठं गेलंय. त्याच्या बरोबरीचा राग येऊ दे. निम्मा माझ्यावर काढायचा असेल तर इथे येऊन काढ, सगळा काढायचा असेल तरी ये. बसस्टॉप दारासमोरच आहे, आणि मी आता दिवसभर घरीच असतो.

मामा